पंडित जितेंद्र अभिषेकी आणि त्यांचं नाट्यसंगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण पेटी-तबला घेऊन नाट्यपदं गायला बसतो. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी कॉलेजात शिकणारे, एक ताई तर डोंबिवलीहून लोकलने येतात. नवीन माणूस आला की गायक आणि संगीतकार अभिषेकीबुवांबद्दल ठरलेले प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत असं खूप दिवस मनात होतं.

अभिषेकीबुवा मूळचे कुठले? ‘अभिषेकी’ हे आडनाव कसं?

मूळचे गोव्याचे, मंगेशीचे. जन्म २१ सप्टेंबर १९२९. घराण्याचं आडनाव नवाथे. मंगेशाच्या देवळात अभिषेक करण्याचा मान त्यांच्या घराकडे होता, त्यावरून ‘अभिषेकी’ रूढ झालं. वडील बाळूबुवा कीर्तनकार होते आणि गाणंही शिकलेले होते. म्हणजे लहानपणापासून कानावर काय पडत होतं ते बघा: देवळातली पूजा, आरत्या, कीर्तनातला अभंग, आख्यान रंगात आलं की मध्येच येणारी साकी-दिंडी, म्हणजे गाऊन म्हणायची पद्यं. कीर्तनकाराला एकट्याने सगळी पात्रं उभी करावी लागतात. द्रौपदीचा आवाज वेगळा, दुर्योधनाचा वेगळा. बुवांच्या नाटकांतल्या चाली ऐकताना मला नेहमी वाटतं की पात्राप्रमाणे सूर बदलायची सवय त्यांना तिथूनच लागली असणार.

मग मुंबईशी त्यांचा संबंध काय?

मुंबईशिवाय हा संगीतकार असा घडलाच नसता, असं माझं ठाम मत आहे. संस्कृत घेऊन पदवी मिळवल्यावर ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कोकणी विभागात लागले. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, १९६१ पर्यंत. मुंबईहून होणारे कोकणी कार्यक्रम म्हणजे गोव्याच्या माणसाला घरचा आवाज. रेडिओवर काम करणाऱ्याला रोज वेगळं काही करावं लागतं. आज भावगीत, उद्या भजन, परवा संगीतिका. वेळ मोजून दिलेला. साडेतीन मिनिटांत गाणं उभं राहिलं पाहिजे आणि पहिल्या ओळीतच ऐकणाऱ्याने थांबलं पाहिजे. पुढे नाटकात ही शिस्त फार उपयोगी पडली.

दुसरी गोष्ट म्हणजे मुंबईतले गुरू. आणि तिसरी, १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली धि गोवा हिंदु असोसिएशन. या संस्थेच्या कला विभागाने बुवांची सुरुवातीची महत्त्वाची नाटकं रंगमंचावर आणली.

त्यांचे गुरू कोण? ते नेमके कुठल्या घराण्याचे?

गोव्यात सुरुवातीची तालीम गिरिजाबाई केळेकरांकडे. मुंबईत जगन्नाथबुवा पुरोहित, म्हणजे बंदिशींमध्ये (रागात बांधलेल्या गीतांमध्ये) ‘गुणीदास’ हे टोपणनाव घालणारे, यांच्याकडे आग्रा घराण्याची तालीम. अजमत हुसेन खाँ यांच्याकडेही शिकले, त्यांचं बंदिशींमधलं नाव ‘दिलरंग’. गुलुभाई जसदनवालांकडून जयपूर घराण्याच्या अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांचा आणि बंदिशींचा साठा मिळाला. ही यादी पुरी नाही. जिथे काही मिळेल असं वाटलं तिथे ते जाऊन बसले.

घराण्याचं म्हणाल तर एक नाव लावता येणार नाही. आग्र्याची लयीशी खेळायची रीत, जयपूरचे रागरूप, शिवाय देवळातून आलेला भक्तीचा सूर. जगन्नाथबुवा आणि अजमत हुसेन खाँ दोघंही स्वतः बंदिशी रचणारे होते, ही बाब मला महत्त्वाची वाटते. शिष्याने चाल बांधताना गुरूंना जवळून पाहिलं. बुवांनी स्वतःही ‘श्यामरंग’ या नावाने बंदिशी केल्या.

ते आले तेव्हा संगीत नाटकाची काय अवस्था होती?

थोडं मागे जावं लागेल. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केलं. १९११ चं ‘मानापमान’ गोविंदराव टेंब्यांच्या चालींचं, १९१६ चं ‘स्वयंवर’ भास्करबुवा बखल्यांच्या चालींचं. त्या दोन नाटकांनंतर रंगमंचावर रागदारी पक्की बसली. लोक नाटकाला जात ते गाणं ऐकायला. ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ पडत, रात्र सरे, आणि कथा बिचारी विंगेत उभी राही. मग बोलपट आला आणि नाटक कंपन्या एकेक करून बसल्या. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, त्यात केशवराव भोळ्यांनी भावगीताच्या वळणाची मोजकी पदं दिली. पण तो प्रयोग म्हणूनच राहिला.

१९६० नंतर पुन्हा पालवी फुटली. विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ आलं, संगीत वसंत देसाईंचं. ‘सुवर्णतुला’ला छोटा गंधर्वांचं संगीत. १९६३ मध्ये ‘मंदारमाला’, रामभाऊ मराठ्यांचं. या बहरात अभिषेकीबुवा आले ते १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ घेऊन.

‘मत्स्यगंधा’त नवीन काय होतं?

नाटक वसंत कानेटकरांचं. रामदास कामत पराशर, आशालता वाबगावकर मत्स्यगंधा. पुराणातली गोष्ट असली तरी कानेटकरांची माणसं आजच्यासारखी बोलतात, भांडतात, हिशेब करतात. अशा माणसांच्या तोंडी दहा-दहा मिनिटांचं पद घातलं असतं तर नाटक मोडलं असतं.

बुवांनी पदं आटोपशीर केली. पण नुसती कापली म्हणून ती चांगली झाली नाहीत. आधीच्या संवादाची तार जिथे तुटते तिथूनच पद सुरू होतं. ‘गर्द सभोवती रान साजणी’ ऐका. चाल इतकी सोपी की शाळेतली मुलगी गुणगुणेल, आणि गाणारीही कोळ्याची पोर आहे. तिला ख्याल गायकीचा डौल कशाला हवा? तीच मुलगी पुढे ‘अर्थशून्य भासे मज हा’ म्हणते तेव्हा वय वाढलेलं आहे, फसवणूक भोगून झाली आहे. सुरांतला खेळकरपणा पार गेलेला असतो. एकाच बाईचं आयुष्य दोन चालींत कळतं. उलट पराशर ऋषी आहे, विद्वान आहे, म्हणून रामदास कामतांच्या वाट्याला ‘साद देती हिमशिखरे’सारखी चढी, भारदस्त चाल.

आमच्या बैठकीत मी हेच सांगत असतो: पद घ्यायच्या आधी ते कोण गातंय आणि कुणाशी, हे विचारा. राग नंतर.

‘घेई छंद मकरंद’च्या दोन चाली का आहेत? त्यातली खरी कुठली?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न. दोन्ही खऱ्या आणि दोन्ही बुवांच्याच. ‘कट्यार काळजात घुसली’ २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगमंचावर आलं. लेखन आणि पदं पुरुषोत्तम दारव्हेकरांची, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ची. नाटकाचा विषयच दोन गवयांचा संघर्ष: पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन. आता संगीतकारापुढचा पेच बघा. दोन घराण्यांतला फरक प्रेक्षकाला शब्दांत सांगून पटत नाही, तो ऐकू आला पाहिजे. शिवाय थिएटरात बसलेल्या सगळ्यांना राग कळतोच असं नाही.

बुवांनी तेच शब्द दोघांना दिले आणि चाल वेगळी केली. पंडितजींची चाल सालगवराळीत. हा राग कर्नाटक संगीताकडून आलेला, कोमल रिषभ-गंधारामुळे आत वळलेला, जरा गूढ. लय सावकाश. भुंगा फुलात शिरतोय आणि त्याला बाहेर यायची घाई नाही, असं ते गाणं. खाँसाहेबांची चाल धानीत. धानीत मुळात पाच स्वर, गंधार-निषाद कोमल, त्यामुळे स्वरांमध्ये मोकळी उडी घेता येते आणि ताना सपासप जातात. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे ते गात तेव्हा भुंगा एका फुलावर बसायला तयारच नसे.

घरी एक करून बघा. दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावा आणि फक्त ‘मकरंद’ हा शब्द ऐका. पहिल्यात तो शब्द टेकतो. दुसऱ्यात तो फेकला जातो आणि हवेतच झेलला जातो. त्या एका शब्दात दोन माणसांचे स्वभाव आहेत. मला संपूर्ण मराठी रंगभूमीवर याच्या तोडीचं दुसरं उदाहरण सापडलेलं नाही.

वसंतरावांच्या वाट्याला ‘तेजोनिधी लोहगोल’ही आलं, ललत-पंचममध्ये. सूर्योदयाचं एवढं तेजाळ गाणं खाँसाहेबासारख्या अहंकारी माणसाच्या तोंडी आहे, याचा विचार जरूर करा. त्याच्या विद्येबद्दल प्रेक्षकाच्या मनात आदर राहतो तो अशा पदांमुळे.

‘लेकुरे उदंड जाली’ला संगीत नाटक म्हणायचं का?

म्हणायचं, आणि अभिमानाने म्हणायचं. १९६६ चं कानेटकरांचंच नाटक, श्रीकांत मोघ्यांनी गाजवलेलं. मूल नसलेल्या एका शहरी जोडप्याची गोष्ट. इथे संवाद बोलता बोलता पद्यात शिरतात, पद्य गाण्यात शिरतं आणि पुन्हा बोलण्यावर येतं. यात गाणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्या नटाची गरज जास्त. त्यामुळे चाली अशा की ज्याच्या गळ्यात तान नाही पण लयीचं भान पक्कं आहे, त्याने सहज पेलाव्यात. चालीत हलका पाश्चात्त्य ठेका, मराठी बोलण्याची नैसर्गिक फेक. ‘कट्यार’च्या आदल्या वर्षी हे केलेलं आहे! दोन्ही नाटकं एकाच माणसाची, हे नवीन आलेल्यांना सांगितलं की ते पुन्हा एकदा विचारून खात्री करतात.

शीर्षक समर्थांच्या दासबोधातलं. कानेटकरांनी ते अपत्यहीन जोडप्याच्या नाटकाला दिलं, त्यातला उलटा अर्थ नाटक पाहिल्यावर जिव्हारी लागतो.

गझल, कव्वाली, अभंग… हे सगळं त्यांनी नाटकात आणलं का?

जिथे कथेने मागितलं तिथे आणलं. ‘हे बंध रेशमाचे’ हे १९६८ चं रणजित देसाईंचं नाटक. फाळणीच्या काळातली हिंदू आणि मुसलमान माणसांची नाती हा त्याचा विषय. शांता शेळक्यांचे शब्द. ‘काटा रुते कुणाला’ गझलेच्या वळणाचं आहे: दोन ओळींत, म्हणजे एका शेरात, एक विचार पुरा होतो, मग क्षणभर थांबा, मग पुढचा. बुवांनी ती थांबण्याची जागा चालीत राखली. नाट्यपदाच्या जुन्या सवयीने तिथे तान घेतली असती तर शेराचा घाव पुसला गेला असता. त्याच नाटकातलं ‘का धरिला परदेस’ बकुळ पंडितांच्या आवाजात ऐका. तेही बाहेरून अगदी साधं.

‘गोरा कुंभार’मध्ये अशोकजी परांजप्यांचं ‘अवघे गरजे पंढरपूर’ आहे. तिथे वारकरी भजनाचा ठेका आणि टाळांचा दणका. पण भजनी मंडळात म्हणतात तसं जसंच्या तसं उचललेलं नाही. चढत जाण्याची आखणी रंगमंचाची आहे.

कर्नाटक संगीतातले राग त्यांना एवढे का आवडत?

सालगवराळीचं वर आलंच. ‘ययाती आणि देवयानी’ या शिरवाडकरांच्या नाटकातलं ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ चारुकेशीत आहे. हाही दक्षिणेचा राग. याच्या पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, शुद्ध स्वर आहेत आणि उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात, धैवत-निषाद कोमल. खाली उजेड, वर काळोख. प्रियकराला सुरांकडून निरोप पाठवणाऱ्या बाईची अवस्था हीच असते. नेहमीच्या यमन-बागेश्रीला शंभर पदांच्या आठवणी चिकटलेल्या असतात. नवा राग आणला की प्रेक्षकाकडे तुलना करायला काही नसतं आणि तो पात्राचंच ऐकतो. माझी समजूत अशी आहे की बुवा यासाठी दक्षिणेकडे बघत. पण त्याच नाटकात ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ साध्या, सर्वांच्या ओळखीच्या भैरवीत बांधलं. प्रार्थनेला ओळखीचाच सूर हवा.

या चारुकेशीच्या पदावरून मी एकदा चांगलाच आपटलो होतो. एका गणेशोत्सवात गायला बसलो. आधी मोठा आलाप, अंतऱ्यात ताना, तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. टाळ्या मिळाल्या. खाली उतरल्यावर पहिल्या रांगेतल्या एक आजी जवळ आल्या. नऊवारी, हातात वाटीभर प्रसाद. म्हणाल्या, “बाळ, गळा छान आहे. पण ती बिचारी निरोप पाठवत होती, आणि तू मैफल मारायला निघालास.” प्रसाद माझ्या हातावर ठेवला आणि गेल्या. त्या दिवसापासून ते पद मी ताना न घेता गातो.

त्यांच्या चालींवर जुन्या रसिकांनी टीका केली का?

आमच्याकडच्या वयस्कर मंडळींमध्ये अजूनही वाद होतो. एक काका बालगंधर्वांच्या काळातल्या पदांवर वाढलेले. त्यांचं म्हणणं, पद फुलवायला जागाच ठेवली नाही तर गायकाने करायचं काय? त्यांचा मुद्दा मला पूर्ण खोटा वाटत नाही. गंधर्वांची गायकी हा स्वतंत्र आनंद आहे. पण ‘कट्यार’मध्ये बुवांनी गायकाला हवी तेवढी जागा दिली, कारण ती पात्रंच गवयी होती. ‘लेकुरे’मध्ये दिली नाही, कारण तिथलं पात्र गवयी नव्हतं. माप प्रत्येक वेळी नाटकाने ठरवलं.

मला त्यांची पदं बसवायची आहेत. काय सांभाळू?

आधी शब्द नुसते वाचा, मोठ्याने, संवाद म्हणावा तसे. बुवांच्या चालीत शब्दाचा आघात बोलण्यातल्या आघाताच्या जवळ असतो, तो हलला की पद बिघडतं. पट्टी स्वतःच्या गळ्याची घ्या. मूळ ध्वनिमुद्रणाची उंच पट्टी गाठायच्या हट्टाने अनेकांचे आवाज फाटलेले मी पाहिले आहेत. ऑर्गन मिळाला तर सोनं. नाट्यपदामागे ऑर्गनचा भरलेला, न तुटणारा सूर हवा असतो. पेटीवर गोविंदराव पटवर्धनांची साथ ऐका आणि गाणारा श्वास घेतो तेव्हा ते काय करतात याकडे लक्ष द्या. ताना शेवटी. जमल्या नाहीत तर सोडून द्या.

‘शब्दावाचून कळले सारे’ ही चाल त्यांचीच ना?

नाही. गायले ते बुवाच, शब्द मंगेश पाडगावकरांचे, पण संगीत पु. ल. देशपांड्यांचं. पाडगावकरांचंच ‘माझे जीवन गाणे’ही तसंच: गायले बुवा, संगीत पु. लं.चं. ही गल्लत फार होते.

‘कट्यार’ चित्रपटातली सगळी गाणी त्यांची आहेत का?

२०१५ च्या चित्रपटात नाटकातली त्यांची पदं आहेत, आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवीन गाणीही आहेत. ‘अरुणी किरणी’ हे नवीन. ते गाऊन राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे महेश काळे बुवांचे शिष्य. त्याआधी रंगमंचावरही ‘कट्यार’ नव्याने झालं होतं, त्यात खाँसाहेब होते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे.

त्यांचे शिष्य कोण कोण?

मुलगा शौनक अभिषेकी, आशा खाडिलकर, देवकी पंडित, प्रभाकर कारेकर, अजित कडकडे, राजा काळे, विजय कोपरकर, हेमंत पेंडसे. आणखी बरेच. यांपैकी कुणाचंही गाणं दुसऱ्याची नक्कल वाटत नाही, हे मला शिक्षक म्हणून फार मोठं वाटतं. लोणावळ्याला त्यांनी शिष्यांना जवळ ठेवून गुरुकुल पद्धतीने शिकवलं.

सन्मान कोणते मिळाले?

१९८८ मध्ये पद्मश्री, १९८९ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार. ७ नोव्हेंबर १९९८ रोजी ते गेले.

मुंबईत आज हे संगीत प्रत्यक्ष ऐकायला मिळतं का?

मिळतं, पण लक्ष ठेवावं लागतं. गिरगावचं साहित्य संघ मंदिर, दादरचं शिवाजी मंदिर, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, यांच्या जाहिराती वर्तमानपत्रात बघत जा. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत हौशी संस्था जुनी नाटकं पूर्ण करतात. तिकीट स्वस्त असतं आणि नुसती पदं ऐकण्यापेक्षा पूर्ण नाटकात पद ऐकणं कधीही चांगलं. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीवर नाट्यपदं लागतात, ती स्वयंपाकघरात ऐकू येतील अशी लावून ठेवा.

अगदी पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

‘गर्द सभोवती’पासून. मग ‘काटा रुते कुणाला’, मग ‘हे सुरांनो’. आठवडाभर एवढंच. त्यानंतर ‘घेई छंद’च्या दोन्ही चाली, वर सांगितल्याप्रमाणे लागोपाठ. मुलांना ऐकवायचं असेल तर ‘अवघे गरजे पंढरपूर’ लावा. आमच्या डोंबिवलीच्या ताईंचा सहा वर्षांचा नातू ते ऐकताना डब्याची दोन झाकणं घेऊन टाळ वाजवतो, आणि समेवर बरोबर येतो.